पुसट्याची गल्ली

ऑफिसात त्याला सगळे पुसट्या म्हणायचे. हे नाव ठेवलं त्याच्याच टीममधल्या सेनापतीने, आणि ते इतकं चपखल बसलं की खुद्द मालकीणबाईसुद्धा एकदा भर मीटिंगमध्ये तेच बोलून गेल्या. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून जगभरची माणसं डोकं फोडत असतात. आपला गडी मात्र चांगलं स्वच्छ चित्र घेऊन ते पुसट करायचा, आणि त्याचा पगार घ्यायचा. मग दुसरं काय नाव पडणार?

कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. हा गेम डावपेचांचा होता. खेळणाऱ्याने एक गाव वसवायचं, तट बांधायचे, कोठारं भरायची, सैन्य उभं करायचं आणि चाल करून येणाऱ्यांना पिटाळून लावायचं. गाव दिसायचं उंचावरून, घार बघते तसं. लढाया कशा व्हायच्या, कोण किती मारात मरायचं हे सगळं सेनापती ठरवायचा. म्हणून तो सेनापती. पुसट्याकडे होता कॅमेरा. मालकीणबाईंनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, की गाव खेळण्यातलं वाटलं पाहिजे. दोन बोटांनी उचलून दुसरीकडे ठेवावं असं वाटलं पाहिजे.

ही जादू कशी होते ते सांगायला हवं. हातभर अंतरावरची बारीक वस्तू बघताना आपला डोळा तेवढ्याच वस्तूवर ठरतो. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं विरघळून जातं. टेकडीवरून खरं गाव बघताना असं होत नाही, तिथे सगळंच सारखं स्पष्ट दिसतं. म्हणून मोठ्या गावाच्या चित्रातला पुढचा आणि मागचा भाग पुसट केला आणि मधे एक पट्टा तेवढा लख्ख ठेवला, की डोकं फसतं. ते म्हणतं, अरे, हे तर टेबलावर मांडलंय. वर मग रंग जरा भडक करायचे, आणि माणसांची चाल जरा थांबत थांबत, कुणीतरी हाताने पुढे सरकवल्यासारखी.

हे पुसट्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्याचे बाबा घरांचे नमुने बनवायचे. बिल्डरांना, आर्किटेक्टांना गिऱ्हाईक पटवायला लागतात ना, काचेच्या पेटीतल्या छोट्या इमारती, त्या. पुठ्ठा, थर्माकोल, बाल्साचं लाकूड, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजची झाडं, टाचण्यांचे दिव्याचे खांब. लहानपणी हा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून त्या रस्त्यांवरून नजर फिरवायचा, आणि पुढची झाडं पुसट होऊन मागचं एकच दार लख्ख दिसायचं. वीस माळ्यांच्या इमारतीत बाबा खिडकी न खिडकी कापायचे. स्वतःच्या घराचा नमुना मात्र त्यांनी कधी केला नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "त्याला गिऱ्हाईक कोण?"

ते घरही आता राहिलं नव्हतं. खाली बाबांचं वर्कशॉप, वर दोन खोल्या, बाहेरून लाकडी जिना, समोर सायकलवाल्याचं दुकान. नवा रस्ता काढायला सगळी गल्ली पाडली. त्याच्या आसपासच बिल्डर लोक नमुन्याऐवजी कॉम्प्युटरवर चित्रं दाखवायला लागले आणि बाबांचं काम आटत गेलं. पाठोपाठ आई गेली. आणि मुलगा निघाला कॉम्प्युटरवर चित्रं काढणारा! बाबांनी कधी आदळआपट केली नाही. फक्त एकदा म्हणाले, "तुमच्या त्या इमारतीला बोट लावून बघ. काचच लागते." ते वाक्य पुसट्याला जे टोचलं ते टोचलंच. बाबांच्या तोंडून आपल्या कामाला एकदा "छान" ऐकायचं, एवढं एकच त्याला आयुष्यात हवं होतं, आणि चाळिशी आली तरी ते काही पदरात पडलं नव्हतं.

म्हणून त्याने कुणाला न सांगता ठरवलं, की गेममधल्या गावाच्या मधोमध आपली जुनी गल्ली उभी करायची. जादू करायची ती तिच्यावर. बाबांना दाखवायची ती पूर्ण झाल्यावर, एकदम.

पण काम पूर्ण म्हणजे काय चेष्टा होती? पहिल्यांदा त्याने सरळ स्क्रीनचा वरचा आणि खालचा भाग पुसट करून टाकला. झालं काय, की गल्लीच्या टोकाच्या बुरुजाचा पाया मधल्या पट्ट्यात लख्ख आणि डोकं वर धुक्यात. सेनापतीने बघितलं आणि म्हणाला, "पुसट्या, तुझ्या बुरुजाला मोतीबिंदू झालाय." सगळे खो खो हसले. पुसट्याही हसला, आणि घरी न जाता सगळं मोडून पुन्हा मांडायला बसला. आता पुसटपणा स्क्रीनवरच्या जागेवर नाही, तर कॅमेऱ्यापासून किती लांब त्यावर ठरायला लागला. बुरुज पायापासून शेंड्यापर्यंत एकसारखा झाला.

मग सेनापतीने दुसरं खुसपट काढलं. ते मात्र रास्त होतं.

"शत्रू कडेनेच येतो की नाही?" तो म्हणाला. "आणि तू नेमक्या कडाच पुसून ठेवल्यास. खेळणारा मधलं देखणं गाव बघत बसणार आणि इकडे त्याचा तट पडणार. मग तो आपल्याला शिव्या घालणार."

"देखणं दिसू नये का मग?"

"दिसू दे रे. पण मरायचं कशामुळे ते तरी दिसू दे."

यावर तोडगा काढता काढता पुसट्याच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने असं केलं, की खेळणारा माउस जिथे नेईल तिथे तो लख्ख पट्टा सरकत जाईल. जिथे बघाल तिथे स्पष्ट, बाकीचं पुसट. सेनापतीने खेळून बघितलं, मान डोलावली आणि चहा पाजला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

या सगळ्या गडबडीत घरी एक भलतंच सुरू होतं, आणि आपल्या हुशार माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

बाबा अजूनही खिडकीजवळच्या टेबलावर पुठ्ठा कापत बसायचे. कुणाचं काम नव्हतं. हाताला चैन पडत नाही म्हणून. एका सकाळी त्यांनी आपली स्टीलची पट्टी त्याच्यापुढे धरली.

"ही वाकलीय बघ. मधेच."

पुसट्या घाईत होता, तरी त्याने पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून बघितली. "सरळ आहे की हो बाबा."

"मग टेबल वाकलं असेल."

तो हसला. बाबाही हसले. त्यांनी नवी पट्टी आणली, ती पण वाकडी निघाली. "आजकाल सरळ काही बनवतच नाहीत," असं म्हणून त्यांनी तिलाही ड्रॉवरमध्ये टाकलं. नंतर एकदा बोट कापून घेतलं. मग हळूहळू पुठ्ठा कापणंच बंद झालं, आणि त्याने त्याचा अर्थ असा लावला की म्हातारा आता थकला.

आणखी एक गोष्ट व्हायला लागली होती. हा बोलायला बसला की बाबा तोंड फिरवायचे. याच्याकडे सरळ न बघता कपाटाकडे, नाहीतर दाराकडे बघत बोलायचे. टीव्हीसमोरही असेच तिरके बसायचे. पुसट्याला वाटायचं, राग आहे. आपल्या धंद्यावरचा जुना राग आता असा बाहेर पडतोय. मग त्यालाही घुश्शात यायला वेळ लागायचा नाही, आणि दोघं दोन दिशांना बघत जेवायचे.

चष्म्याच्या दुकानदाराने वरवर बघून सांगितलं होतं, की मोतीबिंदू असेल, पिकू द्या, घाई नाही. गावाला दिलेली ताई फोनवर सारखी मागे लागायची.

"अरे, डॉक्टरला दाखव त्यांना. मला फोनवरचं नाव वाचता येत नाही म्हणतात."

"मोतीबिंदू आहे गं ताई. गेम एकदा बाहेर पडू दे, मग काढून टाकू."

"तुझा गेम आणि तू! त्यांच्या डोळ्यांना कळतं का तुझा गेम कधी बाहेर पडणार ते?"

यावर तो नेहमीचं ठेवणीतलं हसायचा. त्याच्या डोक्यात सगळं चोख बसलं होतं. गल्ली पूर्ण, गेम बाहेर, ऑपरेशन, मग नव्या डोळ्यांनी बाबांना गल्ली. इतकी सुबक मांडणी केली की माणूस तिच्या प्रेमातच पडतो. मधे कुणी शहाणं बोललेलं त्याला ऐकू येत नाही.

गल्ली मात्र खरोखरच उतरली होती. वर्कशॉपचं अर्धं अडकणारं शटर, जिन्याखालचं पाण्याचं पिंप, सायकलवाल्याच्या दाराशी लटकणाऱ्या ट्यूब. फक्त वरच्या खिडकीत काय होतं ते त्याला आठवेना. गज आठवायचे, चौकट आठवायची, पण आत नुसतं अंधारलेलं. बाबांना विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं. ताईला विचारलं, तिलाही आठवेना. शेवटी त्याने खिडकी तशीच मोकळी ठेवली.

कंपनीत एक रीत होती. गेम बाहेर पडायच्या आधी एक पाहुण्यांचा दिवस असायचा. ज्याने जन्मात गेम खेळलेला नाही असं घरचं एक माणूस प्रत्येकाने आणायचं, त्याला स्क्रीनसमोर बसवायचं आणि मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं. एक अक्षर सांगायचं नाही. पाहुण्याला जे दिसेल ते खरं, जे दिसणार नाही ते आपण केलेलंच नाही, असा तिथला कायदा होता. सेनापतीची सासू दर वेळी यायची आणि दर वेळी स्वतःच्याच सैन्यावर बाण सोडायची.

पुसट्याने बाबांना आणलं. ऑपरेशन व्हायचं होतं, पण धीर धरवला नाही. थोडं अंधुक तर अंधुक, असं त्याने मनाशी म्हटलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पायऱ्या चढताना त्याचा दंड धरला, तेव्हा त्याला बरंच वाटलं.

खुर्चीवर बसवलं. स्क्रीनवर बरोबर मधोमध ती गल्ली. बाबांना माउस हलवता यायचा नाही, म्हणून पट्टा तिथेच थांबवून ठेवला होता. दुपारचं ऊन, लाकडी जिना, दारात टेबलावर वाकलेला इवलासा माणूस. मागे टीमचे पाच-सहा जण हाताची घडी घालून उभे. मालकीणबाईही येऊन उभ्या राहिल्या, कारण त्यांना ही गल्ली फार आवडायची.

बाबा स्क्रीनसमोर जरा पुढे वाकले. मग त्यांनी सवयीप्रमाणे तोंड फिरवलं आणि दाराकडे बघत बसले. पुसट्याने मागे उभ्या असलेल्यांकडे चोरून बघितलं. इथेसुद्धा? एवढ्या लोकांसमोर?

"छान आहे," बाबा म्हणाले. पण ते पाहुणा म्हणतो तसलं छान होतं. मान जरा इकडे, जरा तिकडे वळवून ते परत थांबले. "या कडा अशा पुसट का ठेवल्यास रे?"

बोलायचं नाही हा कायदा होता, तरी त्याच्याच्याने राहवलं नाही. तो खाली वाकून म्हणाला, "बाबा, तीच तर गंमत आहे. कडा पुसट केल्या की नजर आपोआप मधे जाते."

बाबांनी मान हलवली. मग स्क्रीनच्या बाजूच्या भिंतीकडे बघतच, अगदी हळू, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "आणि मधे काय आहे?"

एका क्षणात सगळं जुळलं. वाकलेली पट्टी, कापलेलं बोट, ते फिरवलेलं तोंड. म्हातारा रागावलेला नव्हताच कधी. मुलाचा चेहरा दिसावा म्हणून तो मान वळवत होता, कारण सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी डाग यायचा. आणि जेवढं कडेने दिसत होतं तेवढंही या पठ्ठ्याने मेहनत घेऊन पुसून ठेवलं होतं.

"बाबा, चला," तो म्हणाला. बाकीच्यांना काही कळलं नाही. सेनापतीने मात्र त्याचा चेहरा बघितला आणि पुढची खुर्ची सरकवून वाट करून दिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कामात होत्या. त्यांनी थेंब घातले, आत बघितलं, चित्रं काढली. मग मोतीबिंदू किरकोळ आहे असं सांगून म्हणाल्या, "त्रास पडद्याचा आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग. सरळ रेषा वाकड्या दिसतात असं कधी म्हणाले होते का?"

"नाही हो," बाबा चटकन म्हणाले. "मी कुणाला काही बोललोच नाही. याला कसं कळणार?"

पुसट्याने खाली बघितलं. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, आणि बोटाला तो कापल्याचा व्रण होता.

"म्हणाले होते," तो म्हणाला. "मला पट्टी दाखवली होती."

डॉक्टरीणबाई त्याला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हा आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं, एवढंच म्हणाल्या. डाव्या डोळ्यातलं मधलं आता परत यायचं नव्हतं. उजव्यातलंही बरंच गेलं होतं. इंजेक्शनं देऊन उरलंसुरलं टिकलं तर टिकलं. कडेचं मात्र राहील, माणूस घरात चालेल फिरेल, असा धीर त्यांनी दिला. बाबांनी "बरं बरं" म्हणून त्यांनाच धीर दिल्यासारखं केलं.

परत येताना रिक्षा केली. घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "ताईला सांगू नकोस एवढ्यात. तुलाच बोल लावेल." तेव्हा तो रिक्षातच रडला. चाळिशीचा बाप्या, पण रडला, आणि बाबा त्याच्या खांद्याऐवजी सीटच्या पाठीवर थोपटत राहिले.

गेम बाहेर पडला. लोकांना फार आवडला. ते इवलंसं गाव, ते उचलून घ्यावंसं वाटणारं जग, यावर लोकांनी भरभरून लिहिलं. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर पुसट्याला उभं केलं, टाळ्या झाल्या. तो टाळ्या संपायची वाट बघत उभा राहिला. त्याच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, त्याने घरच्या टीव्हीवर गेम लावला. आपली सगळी जादू बंद करून टाकली. एक काडीसुद्धा पुसट ठेवली नाही. मग कॅमेरा सरकवत गल्ली मधून काढून उजव्या कडेला आणली, मोठ्यात मोठी केली, आणि खुर्ची अशी ठेवली की बाबांचं तोंड खिडकीकडे राहील.

"बाबा, आपली गल्ली आहे. त्या दिवशी ऑफिसातही तीच होती."

बाबा बसले. खिडकीकडे बघत त्यांनी मान थोडी वाकडी केली. मग ते बोलायला लागले, जरा थांबत थांबत.

"जिना आहे. हो ना? लाकडी."

"हो."

"खाली पिंप. शटर अर्धंच वर गेलंय, मेलं कधी पुरतं उघडलंच नाही." ते हसले. "सायकलवाला कुठाय? आहे, आहे." त्यांचा चेहरा उजळला होता, आणि पुसट्या त्या चेहऱ्याकडेच बघत होता. "आणि वरच्या खिडकीत निळा पडदा. जुन्या चादरीचा. तुझ्या आईने हाताने शिवलेला. एका बाजूला आखूड झालेला, तोसुद्धा तसाच ठेवलायस! हे कसं आठवलं रे तुला? केवढासा होतास तू."

पुसट्याने स्क्रीनकडे बघितलं. खिडकी मोकळी होती. गज, चौकट आणि आत अंधार.

"आठवलं," तो म्हणाला.

"छान केलंयस," बाबा म्हणाले. "फार छान केलंयस."

हे ऐकायला त्याने सगळा जन्म घालवला होता. तो उठून पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या घरच्या गेममध्ये तो पडदा लावला. निळा, जुन्या चादरीचा, एका बाजूला आखूड. फुगण्यापुरता वाराही दिला. मग संध्याकाळ व्हायच्या आत बाबांच्या खोलीत जाऊन म्हणाला, "बाबा, चला, गल्ली बघायची का?"

बाबा दाराकडे तोंड करून बसले होते.

"बघितली की रे काल," ते म्हणाले. "सगळी बघितली."